लोणारचं पाणी आणि उकंडराव मिस्त्री

उकंडराव मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी मला न विचारता तोंडात घेतलं. मी अमरावतीहून पाटबंधारे खात्याचा कारकून म्हणून बदलीवर आलो होतो. दिवसभर आगगाडी, मोटार आणि रिठदपासून पुढचे तीन मैल बैलगाडी असा हाडं खिळखिळी करणारा प्रवास करून तलावाच्या कचेरीच्या ओट्यावर ट्रंक टेकवली होती. तेवढ्यात खाकी चड्डी आणि तेलकट बंडीतला एक पन्नाशीचा माणूस आला, तांब्याचं झाकण फिरवून त्याने एक घोट घेतला, गालातल्या गालात खेळवला आणि गिळून म्हणाला,

"अमरावतीचं नाई हे. मधी कुठी भरलं?"

गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी नळावर तांब्या भरून घेतला होता. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "तरीच! जरासं खारट लागते. तिकडचा पट्टाच खारा हाये." मग माझी ट्रंक खांद्यावर घेऊन ते खोलीकडे चालू लागले. आपण कोण, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही आणि विचारायचं मला धैर्य झालं नाही. तलावावरचे फिटर ते हेच, हे मला दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रकावरून कळलं.

मिस्त्रींना जगातली कुठलीही वस्तू समजून घ्यायची म्हणजे आधी तिला जीभ लावावी लागे. विहिरीचं पाणी, शेतातली माती, इंजिनाचं जळकं तेल, गंजलेला खिळा. एकदा कचेरीत नवीन शाई आली तेव्हा त्यांनी तीही चाखली आणि दोन दिवस निळे दात घेऊन हिंडले. मी म्हटलं, "मिस्त्री, एक दिवस विष चाखाल." त्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "त्याची चव कशी असते हो, भाऊ?"

आणि दुसरी सवय म्हणजे 'काहून'. शब्द साधा, 'का'च्या जागी वापरायचा. पण मिस्त्री तो असा टाकत की समोरच्याचं काम थांबलंच पाहिजे. गुरांचा डॉक्टर आला की बैल उभ्याने काहून झोपत नाही. मास्तर आले की नकाशात समुद्र निळाच काहून. कारंज्याच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिनावर त्यांची अर्धी हयात गेली होती. तिथे मालकाला एकदा त्यांनी विचारलं म्हणे की सरकी बैलाने खाल्ली तर दूध म्हशीला काहून. मालकाला त्यात टोमणा दिसला आणि मिस्त्रींची नोकरी गेली. तो प्रसंग सांगतानाही त्यांना नोकरीचं काही वाटत नसे. उत्तर राहून गेलं याची मात्र चुटपुट असे.

नावाची गोष्टही ते मोठ्या आवडीने सांगत. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मल्यावर आईने यांना घटकाभर उकिरड्यावर, म्हणजे वऱ्हाडीत उकंड्यावर, नेऊन ठेवलं आणि टाकून दिलेलं पोर म्हणून परत उचलून आणलं, म्हणजे मृत्यूची नजर पडू नये. "मायनं उचलाले येळ केला असता तं खत झालो असतो," असं म्हणून स्वतःच खो-खो हसत. पुढचा 'राव' सरकारी हजेरीपत्रकाने चिकटवला.

आता तलावावरच्या मोटारनावेबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय मिस्त्री पुरे होत नाहीत. तलावावर गाळ मोजायला आणि बांधाची पाण्याकडची बाजू तपासायला म्हणून कुठल्याशा हौशी साहेबाने लिलावातून एक मोटारनाव घेऊन ठेवली होती. नाव सागवानी. मागे टांगायचं इंजिन लढाईतून उरलेलं. इंजिनाचं डोकं वर आणि खाली पाण्यात जाणारा लांब दांडा, त्याच्या टोकाला पितळी पंखा. या दांड्याला मिस्त्री 'तंगडी' म्हणत. तंगडीतूनच तलावाचं पाणी वर चढायचं, इंजिनाचं डोकं थंड करायचं आणि मागच्या भोकातून धार धरून बाहेर पडायचं. ती धार दिसेपर्यंत मिस्त्री नाव काठावरून हलू देत नसत. "मुतून राह्यलं का पाहा आदी," असं ते भर लोकांत, बायाबापड्यांसमोर ओरडत.

सरकारी कागदात ती नाव गाळ मोजत होती. खरं तर पावसाळ्याचे चार महिने ती माणसं वाहत होती. तलावाच्या पलीकडे पंचवीस-तीस घरांची एक वस्ती होती. तलाव भरला की तिची गाडीवाट पाण्याखाली जाई आणि मागच्या बाजूला नाला फुगे. नाव मिळायच्या आधी वस्तीचे लोक वाळक्या भोपळ्यांची सांगड करून त्यावर बसून येत. एका वर्षी सांगड सुटली आणि एक बाई आणि तिची मुलगी सांडव्यावरून वाहून गेली. मिस्त्री तेव्हा तलावावर नुकते आले होते. त्यांनी ते बांधावरून पाहिलं होतं. त्यांना पोहता येत नव्हतं. शेवटपर्यंत आलं नाही. त्यानंतर त्यांनी कुणाला न विचारता मोटारनाव वस्तीसाठी सोडायला सुरुवात केली आणि वाशीमचे इंजिनिअर साहेब सगळं ठाऊक असून गाळाच्या मापावर सही करत राहिले. या प्रसंगाबद्दल मिस्त्री एकदाच बोलले आणि तेही मला नाही, माझ्या बायकोला.

माझी बायको आणि त्यांचं चांगलं जमे. ती स्वयंपाकघरात जे काही करी, त्याचं 'काहून' त्यांना हवं असे आणि तिला ते सांगायला आवडे. मला मात्र घरात कुणी काही विचारत नसे.

एकदा मी आणि मिस्त्री शिरपूरला सामान आणायला गेलो होतो. शिरपूर म्हणजे जैनांचं जुनं क्षेत्र. ज्या शेठजींच्या दुकानात आम्ही गेलो ते मागच्या चौकात दुहेरी फडक्यातून पाणी गाळत होते. गाळून झाल्यावर त्यांनी फडकं उलटं केलं, गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुतलं आणि ते धुवण बादलीत घेऊन पुन्हा विहिरीत सोडलं. बादली वरून ओतली नाही. दोराने खाली पाण्यापर्यंत नेऊन मग कलंडवली. मिस्त्री खिळ्यांची पुडी विसरून तिकडेच बघत उभे.

"शेठजी, हे काहून जी?"

"पाण्यात जीव असतात मिस्त्री, डोळ्यांना न दिसणारे. फडक्याला लागतात. त्यांना परत पोचवावं लागतं."

"मंग तथीच काहून? झाडाले टाका, दुसऱ्या विहिरीत टाका."

"दुसरं पाणी त्यांना सोसत नाही. ज्या पाण्यातले ते त्याच पाण्यात जगतात."

परतीच्या वाटेवर मिस्त्री कोसभर दिसेल त्या विहिरीत डोकावत चालले.  मग म्हणाले, "म्हंजे पान्यापान्यात फरक असते, भाऊ." मी म्हटलं, असतो की. "नाई, चवीचा नाई म्हनत मी. सोसन्याचा." दुसऱ्या दिवसापासून ते इंजिनाचं पेट्रोल धोतराच्या दुहेरी पदरातून गाळू लागले आणि वर्षभर खोकणारं इंजिन खोकायचं थांबलं. शेठजींना हे कळलं तेव्हा त्यांनी पेट्रोलमधल्या जिवांचं काय केलं म्हणून विचारलं. मिस्त्री या प्रश्नाने आठवडाभर खरोखर अस्वस्थ होते.

माझ्या दुसऱ्या वर्षी चैत्रात साहेबांचं पत्र आलं. नागपूरकडचे एक प्रोफेसर लोणारच्या सरोवराची खोली मोजणार होते. आसपासच्या मुलखात मोटारनाव एकच, तेव्हा ती आठ दिवसांसाठी द्यावी. लोणार आमच्यापासून तीसेक मैल. मिस्त्रींनी ते पाहिलं नव्हतं, पण पाणी खारं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका डोळ्यात कुतूहल आणि एका डोळ्यात भीती म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पाहिलं. "पावसाच्या आदी नाव परत आली पायजे, भाऊ. धडधाकट. नाई तं वस्तीची मान्सं पुन्हा भोपळ्यावर बसतीन." नंतर जरा थांबून, "अन् खारं पानी लोखंडाले काहून खाते हो?"

मला काय ठाऊक? पण माझा एक मेहुणा मुंबईला गोदीत होता. मिस्त्रींनी मला त्याला पत्र लिहायला लावलं. 'काहून'च इतके होते की कार्ड पुरेना, पाकीट घ्यावं लागलं. मेहुण्याचं उत्तर आलं ते मात्र कार्डावर. समुद्रातून आल्यावर इंजिनाच्या पोटातून गोडं पाणी फिरवून काढावं. लोखंडाला रंग किंवा वंगण लावावं. दोन वेगळ्या धातूंचा संबंध आला की खारं पाणी त्यातल्या एकाला खातं, म्हणून शेजारी जस्ताचा तुकडा घट्ट बांधावा, म्हणजे पाणी आधी जस्त खातं आणि बाकीचे वाचतात.

हे शेवटचं वाक्य मिस्त्रींनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. "म्हंजे जस्त बिचारं सगळ्यायसाठी मरते?" मग त्यांनी माझ्या बायकोकडून मीठ घेतलं आणि कचेरीच्या खिडकीत बाटल्या मांडल्या. एकीत मिठाचं पाणी आणि खिळा. दुसरीत जस्त बांधलेला खिळा. तिसरीत तेल फासलेला. रोज सकाळी ते बाटल्यांसमोर उकिडवे बसत. पहिला खिळा आठवड्यात तांबडा झाला, बाकीचे दोन तसेच राहिले. मिस्त्रींचा आनंद गगनात मावेना. त्यांनी जवसाचं तेल आणि राळ उकळून दाट लेप केला, आपल्याकडे गाडीच्या चाकाला आणि मोटेच्या लाकडाला लावतात तसलाच. तो नावेला, इंजिनाला, प्रत्येक लोखंडी बोल्टला तीन-तीन हात चढवला. तंगडीला पंख्याजवळ जस्ताचा चौकोन आवळला. सगळी तयारी समुद्रावर जायची, आणि मिठाच्या पाण्यात पारखून घेतलेली.

निघताना माझ्या बायकोने बजावलं, "येताना पापडखार आणा. तिथला चांगला असतो." वैशाख होता आणि घरोघरी पापड चालले होते.

लोणारचं सरोवर म्हणजे जमिनीला पडलेला प्रचंड खळगा. कडेवरून पाहिलं की खाली झाडीच्या मध्ये हिरवट पाणी दिसतं. ट्रकने नाव कडेपर्यंत आणली आणि तिथून चोवीस माणसांनी बांबूंवर तोलून ती उतारावरून खाली नेली. मिस्त्री पुढे उलटे चालत होते आणि नावेला नाही, माणसांना सांभाळायला सांगत होते. खाली पोचल्याबरोबर त्यांनी ओंजळ भरली आणि जिभेला लावली. तोंड वाकडं झालं. पुन्हा लावली.

"भाऊ, हे मीठ नव्हे."

"खारंच आहे ना?"

"खारं हाये. पन मिठाचं नाई. घशात साबनावानी उतरते."

मला हसू आलं. प्रोफेसर घड्याळ बघत होते, माणसं खोळंबली होती. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि नाव ढकलली. आयुष्यात त्यांनी जिभेचं ऐकलं नाही ते एवढ्या एकाच वेळी, असं ते नंतर सांगत. त्यात माझ्या हसण्याचाही वाटा होता आणि ते मला अजून टोचतं.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाव निघाली आणि काठावरची पोरं टाळ्या पिटू लागली. नावेच्या मागे फेस. साधासुधा नाही, परटाच्या घाटावर असतो तसला पांढराशुभ्र फेस, आणि त्याचा पट्टा लांबत चाललेला. मिस्त्रींनी घाबरून इंजिन बंद केलं. नावेच्या बाहेरून हात फिरवला तर लेप बुळबुळीत होऊन हाताबरोबर निघून आला. त्यांनी तो हुंगला, चाखला आणि प्रोफेसरांपुढे धरला.

प्रोफेसर हसून हसून नावेत बसले. "साबण आहे हो, मिस्त्री! या पाण्यात सोडा आहे. तेल लावलंत, साबण झाला."

"तुमाले ठाऊक होतं?"

"मला वाटलं, तुम्हालाही असेल."

मिस्त्री हसले नाहीत. लेप गेला म्हणजे नाव उघडी पडली, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी काठावर येऊन इंजिन वर घेतलं. गंमत अशी की लोखंडी बोल्ट लेप जाऊनही कोरे करकरीत होते. तंगडी मात्र काळी पडली होती.

तिथेच खळग्याच्या उतारावर एक गोड्या पाण्याची धार आहे, बारमाही. दुपारी आम्ही तिथे भाकरी खायला बसलो. जवळच एक म्हातारी खार विकत होती. मला बायकोचं बोलणं आठवलं. मी पापडखार मागितला आणि ठेवायला माझा रिकामा जेवणाचा डबा पुढे केला. म्हातारीने हात मागे घेतला.

"जर्मनच्या डब्यात नको, बाबू. पानात बांधून देतो."

ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. मिस्त्रींच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "काहून माय? जर्मनले काय होते?"

"खाते ना बाप्पा खार त्याले! काया पडते, मंग भोकं पडतात."

"अन् लोखंडाले?"

"लोखंडाले काई होत नाई. माह्या सासूची कढई हाये अजून, त्यातच खार आटवतो."

मिस्त्री उठले ते धावतच सुटले. तंगडी सगळी जर्मनची होती. समुद्राच्या पाण्यात लोखंड सांभाळायचं असतं म्हणून त्यांनी महिनाभर लोखंडाची काळजी वाहिली होती. या पाण्यात लोखंड निर्धास्त होतं आणि ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही ते खाल्लं जात होतं. जस्ताचा चौकोनही निम्मा उरला होता. पंखा तंगडीला मिळतो तिथे हरभऱ्याएवढे पाच-सहा खड्डे पडले होते.

मी म्हटलं, नाव परत नेऊ. प्रोफेसरांचं काम चार दिवसांचं राहिलं होतं आणि ते बिचारे एकदम ओशाळवाणे झाले होते. मिस्त्री बराच वेळ तंगडी मांडीवर घेऊन बसले. मग उठून वर गावात गेले, रस्त्याच्या कामावरून डांबराचा डबा मागून आणला आणि गरम डांबराचे दोन हात तंगडीवर बाहेरून चढवले. डांबराचा साबण होतो का, हे आधी खाऱ्या पाण्यात डांबर लावलेली एक काडी रात्रभर बुडवून पाहिलं. या वेळी बाटलीत मीठ नव्हतं, सरोवराचंच पाणी होतं.

बाहेरचं झालं. आतून चढणाऱ्या पाण्याचं काय? त्यावर त्यांनी केलेला उपाय प्रोफेसरांनी वहीत काढून घेतला. नावेत एक पिंप ठेवलं, धारेचं गोडं पाणी भरून. तंगडीला पाणी जिथून आत जातं तिथे चामड्याच्या पट्ट्याने सायकलची ट्यूब आवळली आणि तिचं दुसरं टोक पिंपात सोडलं. मागची धारही पुन्हा पिंपातच. इंजिन खाऱ्या पाण्यावर चालत होतं आणि गोडं पाणी पीत होतं. पिंप गरम झालं की इंजिन थांबवायचं आणि तेवढ्यात प्रोफेसरांनी शिसं बांधलेली दोरी सोडायची. संध्याकाळी सगळी तंगडी धारेखाली धुवायची. चारही दिवस हे असंच चाललं.

सरोवराला तळ नाही, सात खाटा विणायचे सुंभ एकाला एक बांधून सोडले तरी लागत नाही, असं गावातले लोक सांगत. तळ लागला, आणि एका खाटेच्या सुंभातही बराच उरवून लागला. काठावरचा एक म्हातारा चिडून म्हणाला, "तुमची दोरीच खोटी हाये." मिस्त्रींनी त्याला नावेत घेतलं आणि दोरी त्याच्या हातात दिली. तळ लागल्यावर म्हाताऱ्याने दोरी दोनदा वर-खाली करून पाहिली. मिस्त्रीच हळहळले. म्हणाले, तळ नसता तं पाहाले मजा आली असती.

ज्येष्ठात नाव परत आली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. वरून डांबराने काळं आणि चकचकीत. मी अहवाल लिहून ठेवला की नाव व यंत्र सुस्थितीत परत आलं, आणि साहेब तपासणीला आले तेव्हा सहीसाठी पुढे केला. साहेबांनी इंजिन सुरू करून पाहिलं, धार पाहिली, पेन उघडलं.

मिस्त्री रॉकेलची चिंधी घेऊन पुढे झाले आणि साहेबांच्या देखत तंगडीवरचं डांबर पुसू लागले. मी डोळ्यांनी खुणावलं, खोकलो, शेवटी त्यांच्या पायावर पाय दिला. ते पुसतच राहिले. खड्डे उघडे पडले.

"सायेब, वरून झ्याक दिसते. पन खाली हे असं हाये."

"किती खोल गेलंय?"

"तेच तं म्हाईत नाई. कापल्याबिगर समजत नाई, अन् कापलं तं तंगडी गेली."

"पावसाळाभर चालेल का?"

"चालन बी. नाई बी चालनार. सांडव्यापाशी मोडली तं नाव सांडव्यावरून जाईन, मान्सांसकट."

साहेबांनी पेन मिटलं. मग त्यांनी माझा अहवाल मला परत दिला. इंजिन बंद. नवी तंगडी मुंबईहून यायला दिवाळी उजाडेल. तोवर नुसती लाकडी नाव वल्ह्यांनी न्यायची तर न्या, पण वारं असेल तेव्हा नाही.

साहेब गेल्यावर मी मिस्त्रींवर तोंड टाकलं. एवढी धडपड करून नाव वाचवली ती काय स्वतःच्या हाताने बंद पाडायला? डांबर राहू दिलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"मले ठाऊक होतं ना," मिस्त्री म्हणाले. "मले ठाऊक अन् बसनाऱ्याले नाई, हे बरं दिसत नाई, भाऊ."

मला त्यांचा राग आला होता. पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, कारण अहवाल माझ्या अक्षरात होता.

तो पावसाळा मिस्त्रींनी वल्हवून काढला. इंजिनाने दहा मिनिटांत होणारी खेप आता पाऊण तासाची झाली. वस्तीच्या लोकांनी त्यांना सोडलं नाही. वस्तीचा कारभारी दर खेपेला नावेत बसल्याबरोबर सुरू होई, "मिस्त्री, काया डांबरानं तुमचं काय घोडं मारलं होतं?" वाऱ्याच्या दिवशी नाव सुटत नसे आणि मग पलीकडच्या काठावरून शिव्या ऐकू येत. एकदा सलग पाच दिवस वारं राहिलं. वस्तीत मीठ आणि रॉकेल संपलं. मिस्त्री पाचही दिवस बांधावर बसून होते आणि जेवायला माझ्याकडे आले नाहीत. त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती. माझी बायको लोणी लावायला देई, तर ते आधी चाखत. मी त्यांना एकदाही विचारलं नाही की पस्तावलात का. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

दिवाळीनंतर मुंबईहून खोका आला. त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूमही आला. मी निघायच्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी नवी तंगडी बसवली आणि जुनी घेऊन ते लोखंडी शिकंज्यात आवळून कापायला बसले. माझी बैलगाडी भरत होती. मी सामान बांधायचं सोडून त्यांच्याजवळ उभा राहिलो. करवतीची दोन पाती मोडली. ऐन दुपारी तंगडीचे उभे दोन भाग झाले.

आत सगळं कोरं होतं. गोड्या पाण्याने आतला भाग जसाच्या तसा राखला होता. बाहेरचे खड्डे जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंतही गेले नव्हते. तंगडी बोटभर जाड, अभंग. अजून दोन-तीन पावसाळे तिने सहज काढले असते.

 मी म्हटलं, "मिस्त्री, चार महिने फुकट वल्हवलंत हो."

ते तो अर्धा भाग उन्हात धरून फिरवून-फिरवून बघत होते. खड्ड्यात नख घालून खोली पाहत होते. चेहऱ्यावर इतकं समाधान की मला त्यांचा हेवा वाटला.

"फुकट कायचं? जेठात मले हे ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "आता ठाऊक झालं."

तेवढ्यात पलीकडून हाका आल्या. वस्तीची माणसं काठावर गोळा झाली होती. नवी तंगडी बसवली ही बातमी तिथे पोचली होती. मिस्त्रींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तो खरबरीत तळवा मला अजून आठवतो. "येजा भाऊ," एवढंच म्हणून ते बांध उतरून गेले. माझी गाडी बांधावरून निघाली. मी इंजिनाच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. मी वळून पाहिलं तर मागे इंजिन नवी कोरी तंगडी वर करून टांगलेलं, आणि बाजाराहून परतणारी दोन माणसं नावेत बसवून मिस्त्री वल्ही मारत चाललेले.

"मिस्त्री!" मी गाडीत उभा राहून ओरडलो. "अहो, इंजिन! इंजिन लावा की!"

"तंगडी नवी हाये!" पाण्यावरून त्यांचा आवाज आला. "आदी रिकामं चालवून पाह्यतो, मंग मान्सं!"

वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते आणि तोंड मागे. त्यामुळे ते माझ्यापासून दूर जात होते तरी माझ्याकडेच बघत होते. गाडी वळणाला लागेपर्यंत मला त्यांचा चेहरा दिसत राहिला.